मधल्या पायरीचे पाणी

प्रसाधनाच्या आधुनिक संहितेत चेहऱ्याची निगा तीन पायऱ्यांची मानली आहे: धुणे, टोनर आणि मॉइश्चरायझर. यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला समर्थनाची गरज भासत नाही. धुण्याने मळ, घाम आणि तेल जाते. मॉइश्चरायझरने ओलावा टिकतो. मधली पायरी मात्र जन्मापासून खुलासे देत आली आहे. दुकानातली विक्रेती सांगते, टोनरने रंध्रे बंद होतात. बाटलीवर लिहिलेले असते, त्वचेचा समतोल साधला जातो. माझी भाची सांगते, त्याने त्वचा ‘पाणी पिते’. आणि आमच्या महाविद्यालयातल्या बऱ्याच मुलींची समजूत अशी, की ज्या अर्थी नावात ‘टोन’ आहे त्या अर्थी रंग उजळत असणारच. एकाच वस्तूची चार प्रयोजने सांगितली जातात आणि ती परस्परांशी जुळत नाहीत, तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्याला संशय येतो तो पाठभेदांचा. टोनर या एकाच नावाखाली निरनिराळ्या संहिता बांधल्या गेल्या असाव्यात, असे मला वाटू लागले. आणि थोडा शोध घेतल्यावर ते तसेच निघाले.

शब्दापासून सुरुवात करणे ही आम्हां भाषावाल्यांची खोड. ‘टोनर’चे मूळ ‘टॉनिक’मध्ये आणि ‘टॉनिक’चे ग्रीक ‘तोनोस’मध्ये आहे. तोनोस म्हणजे ताण, ओढ. ताणलेल्या तारेतून निघणारा स्वरही. त्याच कुळातला आपला ‘तन्’ हा धातू. म्हणजे तंतू, ताण, वितान आणि गवयाची तान ही टोनरची दूरची भावंडे झाली. सैल पडलेल्या शरीराला पुन्हा ताण देते ते टॉनिक, ही जुन्या पाश्चात्त्य वैद्यकातली कल्पना. तीच चेहऱ्यावर उतरली आणि ‘स्किन टॉनिक’ तयार झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एलिझाबेथ आर्डन यांच्या न्यूयॉर्कमधल्या सलूनात असले टॉनिक कापसावर घेऊन गालांवर थापटत असत. वर्णच्छटा या अर्थाचा ‘टोन’ही याच मुळातला, पण तो स्वराच्या वाटेने, वळसा घालून आलेला. चेहऱ्याच्या टोनरचा त्या अर्थाशी संबंध नाही. ही बारीकशी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

पश्चिमेकडे टोनरची गरज का भासली, हे समजण्यासाठी त्या काळी तिथे चेहरा कसा स्वच्छ करीत ते पाहिले पाहिजे. पुष्कळ स्त्रिया तो पाण्याने धूतच नसत. कोल्ड क्रीम चोळायचे आणि कापडाने पुसून काढायचे, अशी रीत होती. कोल्ड क्रीम ही वस्तू फार जुनी. मेण, तेल आणि गुलाबपाणी यांच्या मिश्रणाची तिची कृती दुसऱ्या शतकातल्या गालेन या वैद्याच्या नावावर सांगितली जाते. त्यातले पाणी उडून जाताना त्वचेला गारवा लागतो, म्हणून ते ‘कोल्ड’. अशा क्रीमने मळ निघतो खरा, पण पुसल्यानंतरही एक तेलकट थर मागे राहतो. तो काढायला दुसरे काहीतरी हवे, आणि ते दुसरे काहीतरी म्हणजे स्तंभक, तुरट गुणाचे पाणी. विच हेझल नावाच्या झुडपाचा अर्क त्यासाठी फार वापरला गेला. आपल्याकडे पॉन्ड्स म्हटले की क्रीम आणि पावडर डोळ्यांपुढे येते. परंतु थेरॉन पॉन्ड यांनी 1846 साली अमेरिकेत विकायला काढलेली पहिली वस्तू याच झुडपाचा अर्क होती, आणि तीही औषध म्हणून. तेव्हा टोनरचे पहिले प्रयोजन हे असे: स्वच्छ करणाऱ्याने मागे ठेवलेले स्वच्छ करणे. मुद्रितशोधकाने घातलेल्या चुका दुसऱ्या मुद्रितात काढाव्यात, तसा हा व्यवहार.

दुसरे प्रयोजन साबणाने निर्माण केले. 1928 साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेच्या ‘आम्ल प्रावरणा’ची कल्पना मांडली. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण साडेचार ते साडेपाचच्या आसपास राहतो. घाम, तेल आणि त्वचेच्या वरच्या थरातली द्रव्ये मिळून हे आम्लत्व राखतात आणि ते जंतूंना अटकाव करते. नेहमीचा साबण मात्र अल्कधर्मी, नऊ-दहा सामूचा. साबणाने तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा, ताठ वाटतो तो काही अंशी यामुळे. म्हणून किंचित आम्ल असलेले पाणी वरून पुसायचे, म्हणजे बिघडलेला समतोल लवकर सावरतो, अशी ही उपपत्ती. बाटलीवरच्या ‘समतोल’ या मोघम शब्दामागे एवढा अर्थ दडलेला आहे. निरोगी त्वचा हे काम आपले आपण, काही तासांत करते, हे मात्र बाटली सांगत नाही.

याच ठिकाणी मला वडिलांची दाढी आठवते. रविवारी सकाळी ओसरीवर आरसा, वाटीत गरम पाणी, ब्रशने काढलेला साबणाचा फेस. आणि सगळे आटोपल्यावर पाण्यात बुडवलेला तुरटीचा खडा गालांवरून, हनुवटीवरून दोनदा फिरवायचा. केशकर्तनालयांतही तो असे, अजूनही कुठे कुठे असतो. तुरटीचे पाणी चांगलेच आम्ल असते. ती स्तंभक आहे, बारीक कापल्यातून येणारे रक्त थांबवते, जंतूंनाही रोखते. म्हणजे साबणाचे अल्क मारणे आणि त्वचेला ताण देणे ही टोनरची दोन्ही अभिजात कामे तो खडा एकाच हाताने करीत होता. आमच्या घरात टोनर होते तर! पुरुषाच्या हातात असल्यामुळे त्याला कोणी सौंदर्यप्रसाधन म्हटले नाही, इतकेच. आईच्या वाट्याला असले काही नव्हते, आणि तिला त्याची गरजही नव्हती. ती डाळीचे पीठ आणि साय लावून तोंड धुवायची. जिथे साबणच नाही तिथे साबणाचे प्रायश्चित्त कशाला?

‘रंध्रे बंद होतात’ या दाव्याबद्दलही इथेच सांगून टाकते. त्वचेवरच्या रंध्रांना दारे नसतात आणि त्यांची उघडझाप करणारे स्नायूही नसतात. स्तंभक द्रव्याने किंवा गार पाण्याने आजूबाजूची त्वचा थोडा वेळ आकसते, तेल पुसले गेल्याने रंध्र कमी ठळक दिसते; तासाभरात सारे पूर्ववत. तरीही हा समज टिकून आहे, कारण तो चुरचुरीवर उभा आहे. अल्कोहोल असलेले टोनर लावल्यावर चेहरा झोंबतो, आणि झोंबते ते लागू पडते अशी आपली जुनी श्रद्धा. जखमेवर आयोडीन लावताना ‘आग होतेय म्हणजे बरं होतंय’ असे आपण सर्वांनीच ऐकलेले आहे.

पुढे गंमत अशी झाली, की ज्या दोन कारणांसाठी टोनर आले ती दोन्ही हळूहळू मागे पडली. 1957 साली अमेरिकेत डव्हची वडी आली. ती प्रचलित अर्थाने साबण नव्हती. सौम्य संश्लेषित द्रव्यांची होती. त्या वाटेने पुढे फेसवॉश आले, त्यांतले पुष्कळसे त्वचेच्या सामूला जवळचे आणि पाण्याने सहज निघून जाणारे. आता पुसायला तेलकट थर नाही आणि सावरायला बिघडलेला समतोल नाही. अशा वेळी मधली पायरी गळून पडावी, पण तसे झाले नाही. 1968 साली क्लिनिक या अमेरिकी प्रसाधनगृहाने त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइख यांच्या विचारांवर आधारलेली त्रिपदी बाजारात आणली: साबण, ‘क्लॅरिफाइंग लोशन’ आणि मॉइश्चरायझर. मधल्या बाटलीला आता नवे काम मिळाले, मृत पेशींचा वरचा थर सोडवून काढणे. आज सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक आम्ल असलेली टोनर मिळतात ती याच परंपरेतली. त्यांतले सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे रंध्रात साचलेल्या तेलापर्यंत पोचते आणि मुरुमे असणाऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

पायरी तशीच, तिचे काम मात्र बदललेले. आपल्याला हे नवे नाही. विघ्ने टळावीत म्हणून नाटकाच्या आरंभी आलेली नांदी पुढे प्रेक्षकांनी पानाचे डबे मिटून स्थिरस्थावर व्हावे यासाठीही उपयोगी पडू लागली. जागा एकदा ठरली की ती रिकामी राहत नाही.

आणि आता टोनरची दुसरी संहिता, जिचा या सगळ्याशी संबंधच नाही. ती पूर्वेकडची. जपानमध्ये चेहऱ्याला लावायच्या पाण्याला ‘केशोसुइ’, म्हणजे ‘प्रसाधनाचे पाणी’ म्हणतात. तिथे ते पुसण्यासाठी, आकसवण्यासाठी नव्हतेच. एदो नगरीतल्या स्त्रिया चेहऱ्याला पांढरा लेप लावीत. तो नीट बसावा, त्वचा मऊ राहावी यासाठी हे पाणी. ‘हाना नो त्सुयु’, म्हणजे ‘फुलांचे दव’, या नावाने रानगुलाबाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने ते घरी कसे काढावे याची कृती 1813 सालच्या एका प्रसाधनग्रंथात दिलेली आहे. आणि साहित्याच्या अभ्यासकांनी अवश्य लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही, की त्या काळातले एदोमधले एक प्रसिद्ध टोनर एका कादंबरीकाराने विकायला काढले होते. शिकितेइ सांबा हे त्याचे नाव. सार्वजनिक स्नानगृहातल्या गप्पांवर त्याने लिहिलेली ‘उकियोबुरो’ ही विनोदी कादंबरी जपानी वाङ्मयाच्या इतिहासात मान्यता पावलेली आहे. हा गृहस्थ औषधांचे दुकान चालवी. 1811 साली त्याने ‘एदो नो मिझु’, म्हणजे ‘एदोचे पाणी’, या नावाने चेहऱ्याला लावायचे पाणी काढले आणि आपल्या पुस्तकांतून त्याची जाहिरातही केली. ग्रंथाच्या मानधनावर घर चालत नाही हे दुःख वैश्विक आहे. त्यावरचा हा उपाय मात्र आपल्याकडे कोणाला सुचला नाही.

1897 साली शिसेइडो या मूळच्या औषधालयाने ‘यूडर्मिन’ नावाचे लालभडक पाणी बाजारात आणले. ग्रीक शब्द जोडून केलेल्या या नावाचा अर्थ ‘चांगली त्वचा’. जपानी पाण्याला ग्रीक नाव आणि पुढे अमेरिकी पाण्यालाही ग्रीक मुळाचेच नाव. पण एक ओलावा देणारे आणि दुसरे शोषून घेणारे. कोरियात तर या पाण्याला नुसते ‘स्किन’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत कोरियन मालिकांबरोबर ही पद्धत आमच्या विद्यार्थिनींच्या मोबाइलवर आली. एकावर एक सात वेळा टोनर थापायची रीतही मी त्यांच्याकडूनच ऐकली. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेले हे पाणी त्वचेच्या वरच्या थरात ओलावा धरून ठेवते, आणि त्यावर लगेच मॉइश्चरायझर लावले तर तो ओलावा टिकतो. लावले नाही, तर कोरड्या हवेत उडून जातो.

यात आपल्याकडचे काय, असे कोणी विचारील तर गुलाबपाणी. लग्नात, हळदीकुंकवाला दाराशी गुलाबदाणी घेऊन उभी राहणारी मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. माझ्या वयाच्या पुष्कळ जणी ती मुलगी होत्या. ते पाणी ना पुसायचे ना आकसवायचे; ते शिंपडायचे. आणि मराठीत पाणी ही केवळ वस्तू नव्हे. मोत्याला पाणी असते, तलवारीच्या पात्याला पाणी असते, डोळे पाणीदार असतात. माणसाचे पाणी जोखतात. भीतीने तोंडचे पाणी पळते. तेज, धार आणि धैर्य या तिन्हींसाठी आपण एकच शब्द ठेवला. ‘त्वचा पाणी पिते’ हे भाचीचे वाक्य ऐकून मी हसले होते. परंतु तिची भाषा बाटलीवरच्या भाषेपेक्षा मराठीला अधिक जवळची आहे, हे मान्य केले पाहिजे. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत पहिले नाव असते ‘अ‍ॅक्वा’. यादी अधिक प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहायची असते, तेव्हा बाटलीत मुख्यतः काय आहे हे त्या एका शब्दात आले. लॅटिनमध्ये लिहिले की पाण्याची किंमत वाढते. आपणही प्रबंधांत दुसरे काय करतो?

हा सारा शब्दच्छल राहिला असता, पण दोन वर्षांपूर्वी तृतीय वर्षातली एक विद्यार्थिनी अचानक वर्गात यायची थांबली. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मुलगी वर्गात यायची थांबली की मनात पहिला विचार एकच येतो. तो अगदीच चुकीचाही नव्हता. मे महिन्यात तिला बघायला पाहुणे येणार होते. तिच्या मामीने शहरातून टोनरची बाटली आणून दिली होती, रंगाचा ‘टोन’ उजळतो म्हणून. मुलगी सावळी, वर चेहऱ्यावर मुरुमांचे डाग. ती दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुवायची आणि दर वेळी कापसाने ते अल्कोहोलयुक्त पाणी घासायची. झोंबत होते, म्हणजे काम होत होते. तीन आठवड्यांत गाल लालबुंद झाले, सालपटे निघू लागली. ओढणीने तोंड झाकून ती माझ्याकडे आली ती तोंडी परीक्षा लेखी देता येईल का, हे विचारायला.

"मॅडम, टोन आणि टोनर वेगळं असतं का?" असे तिने विचारले. व्युत्पत्तीचा प्रश्न इतक्या गरजेपोटी मला कोणी कधी विचारला नव्हता. मी तिला वेगळे असते एवढेच सांगितले आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी आधी सगळे बंद केले. साबण बंद, टोनर बंद. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, साधे मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन, मुरुमांवर रात्री लावायला एक मलम. त्यांच्या चिठ्ठीत मधली पायरी नव्हतीच. त्वचेची वरची भिंत सावरायला काही आठवडे लागले. डाग त्यानंतरही बराच काळ राहिले. सावळ्या त्वचेत जळजळीनंतरचे डाग अधिक गडद उमटतात आणि रेंगाळतात. उजळण्यासाठी आणलेल्या पाण्याने काळवंडणे वाढवले, हे त्या मुलीच्या तोंडाला पाने पुसणेच झाले. एका प्रसिद्ध क्रीमने 2020 साली नावातला ‘फेअर’ काढून टाकला आणि आपण टाळ्या वाजवल्या. पण तो शब्द असा दुसऱ्या शब्दाच्या आडून मुलींच्या खोलीत शिरतच असतो. मामीला दोष द्यायला मला जमत नाही. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीचा ‘टोन’च पाहिला जातो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

डॉक्टरांनी तिला आणखी एक विचारले होते: तोंड कुठल्या पाण्याने धुतेस? आमच्या वसतिगृहाला बोअरचे पाणी आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आत पांढुरका थर बसतो. हा थर म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन तयार झालेले न विरघळणारे कीट. जे बादलीला चिकटते ते चेहऱ्यालाही चिकटते. म्हणजे टोनरचे जे सर्वांत जुने प्रयोजन पश्चिमेत संपले, ते आमच्या वसतिगृहाच्या मोरीत आजही शिल्लक आहे! तिथे चेहऱ्यावर खरोखरच काही मागे राहते आणि ते पुसण्याची खरोखरच गरज असते. फक्त त्याला बाटली लागत नाही. आई केस धुताना शेवटचा तांब्या आडाच्या गोड्या पाण्याचा घ्यायची, कारण बोअरच्या पाण्याने केस चिकट होतात. तेच इथे. साबणाऐवजी सौम्य फेसवॉश आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा. मुली आता तसे करतात. त्यावरून अधीक्षिकांशी आमचा पत्रव्यवहार झाला, कारण पिण्याचे पाणी तोंड धुवायला नेणे नियमात बसत नव्हते. शेवटी प्रत्येकीला रोज एक तांब्या, असे ठरले.

बाकी कोणाला टोनर हवेच असेल तर मी एवढेच विचारते, की आधी तोंड कशाने धुतेस आणि या पाण्याकडून तुला नेमके काय हवे आहे. मुरुमांसाठी हवे तर डॉक्टरांना विचारून आम्लाचे घे. कोरडेपणासाठी हवे तर अल्कोहोल नसलेले, ग्लिसरीनचे घे आणि त्यावर मॉइश्चरायझर लाव. उन्हातून आल्यावर नुसते बरे वाटावे म्हणून हवे असेल तर गुलाबपाणी घे, फक्त त्या नावाखाली सुवासिक पाणीही विकले जाते, तेव्हा बाटली वाचून घे. रंगासाठी हवे असेल तर दुकानातून परत ये.

त्या मुलीने तोंडी परीक्षा तोंडीच दिली, ओढणी न घेता. पाहुण्यांचे काय झाले ते मी विचारले नाही. ती सध्या जिल्ह्याच्या ठिकाणी एम.ए. करते आहे, एवढे माहीत आहे. जाताना अर्धी उरलेली बाटली तिने माझ्या टेबलावर ठेवली होती. ती अजून विभागात आहे. पांढऱ्या फळ्यावर कोणी चुकून पक्क्या शाईच्या पेनाने लिहिले, की तिचे चार थेंब पुरतात.